कॉल कोनाचा?

आमच्या घरी फोन आला तेव्हा तो ठेवायला घरात सपाट जागाच नव्हती. शेवटी बाबांनी घराला लागूनच्या आमच्या चहाच्या टपरीत, आलुबोंड्यांच्या परातीपासून हातभर लांब, सागाची एक फळी ठोकली. मायने तिच्यावर धुतलेल्या लुगड्याचा तुकडा चौघडी करून अंथरला आणि ते लाल यंत्र त्यावर बसवलं. पहिले दोन दिवस तो वाजलाच नाही. तिसऱ्या दिवशी मी अंगणात मोहफुलं वाळत घालत होते, तेव्हा तो असा काही खणाणला की मायच्या हातातली झाऱ्याची दांडी सुटून कढईत गेली. टपरीत बसलेली सगळी माणसं उठून उभी राहिली, जणू कोणी मोठा साहेब आत आला होता. मायने पदरानं हात पुसले, रिसीव्हर उलटा धरला आणि जोरात विचारलं, "कोन आहे?" पलीकडचा माणूस चंद्रपूरहून बोलत होता. त्याला गावाच्या टोकाच्या घरातल्या वासुदेवभाऊंशी बोलायचं होतं. मायने फोन तसाच फळीवर ठेवला आणि मला म्हणाली, "शेवंते, धाव. वासुदेवभाऊचा कॉल आला म्हनून सांग."

तेव्हापासून पुढची चार-पाच वर्षं मी धावले. आमच्या गावात, मोहर्लीत, तेव्हा जंगलाच्या गेटवर आजच्यासारख्या गाड्यांच्या रांगा नसत. दोन-तीन जिपा, एखादी मोटार, सुट्टीच्या दिवशी थोडी वर्दळ, एवढंच. पण आमच्या टपरीतला फोन सगळ्या गावाचा होता. कोणाची लेक बल्लारपूरला दिलेली, कोणाचा भाऊ कोळसा खाणीत, कोणाचा जावई धानोऱ्याकडे तेंदूपत्ता गोळा करायच्या फडीवर. त्या सगळ्यांचे आवाज आमच्या फळीवर येऊन पडत आणि मी अनवाणी पळत जाऊन ते ज्याचे त्याला पोचवत असे. दारात उभी राहून मी ओरडायची, "कॉल आला!" आणि आतून न चुकता विचारणा यायची, "कॉल कोनाचा?" कारण तोवर गावात या एका शब्दाचे इतके अर्थ झाले होते, की नुसतं "कॉल आला" म्हटल्यावर माणसानं रडावं, हसावं की झाडावर चढावं, हे कळायला मार्ग नव्हता.

फोनच्या आधी हा शब्द आमच्या घरात बाबांनी आणला होता. माझे बाबा, कवडू मडावी, सगळे त्यांना कवडूभाऊ म्हणत. पाहुण्यांना जंगल दाखवायला जीपमध्ये पुढे बसून जाणारा वाटाड्या, हे त्यांचं काम. दर हिवाळ्यात नागपूरहून एक फोटो काढणारे गृहस्थ येत आणि बाबांशिवाय आत जात नसत. जंगलात काही ओरडलं की ते कॅमेरा सावरत कुजबुजत, "कवडूभाऊ, कॉल!" बाबांना तो शब्द फार आवडला. घरी येऊन त्यांनी तो आम्हाला असा दाखवला, जसा एखादा माणूस बाजारातून आणलेली नवी वस्तू दाखवतो. वाघ चालायला लागला की आधी जंगल बोलतं, हे आम्हाला बाळपणापासून माहीत होतं. त्या बोलण्याला नाव मात्र त्या दिवशी मिळालं. अंबाडीची भाजी आणि तांदळाची भाकर पुढ्यात घेऊन बाबा सांगत, "चितळ घाबरट. पान पडलं तरी वरडते. त्याच्यावर लई भरोसा नोको ठेवू. वांदर वरून पाह्यते, त्याचं आयकाव. पन सांबर वरडलं का भाकर खाली ठेवाव. सांबर खोटं नाई बोलत." मग ते तिन्ही आवाज तोंडानं काढून दाखवत. चितळाची शीळ, वानराचं खॉक-खॉक, आणि सांबराचा तो पोकळ लाकडावर घाव घातल्यासारखा "ढांक!" मायची कोंबडी दर वेळी चूल ओलांडून पळे.

शाळेत गेले तर तिथंही कॉल. आमचे मास्तर सकाळी जाड वही उघडून म्हणत, "चला, रोल कॉल." मग एकेकाचं नाव घेत आणि आम्ही "हजर" म्हणत असू. मी घरी येऊन बाबांना विचारलं, "बाबा, मास्तर रोज सकाळी कॉल देते. शाळेत तं वाघ नाई." बाबांनी फार गंभीरपणे विचार केला आणि म्हणाले, "तुमाले पाहून भेव लागत असन त्याले." मी हे दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं. मास्तर इतके हसले, की त्या दिवशी हजेरी अर्धीच झाली.

पण खरा गोंधळ क्रिकेटनं घातला. गावाच्या मागं, जंगलाच्या कडेला, धान कापून बांधी, म्हणजे बांधाचं शेत, मोकळी झाली की तिथं पोरांचा सामना रंगे. आमच्या शेजारचा मारोती हा कप्तान. त्याला कुणीतरी शिकवलं होतं, की धाव घ्यायची तर मोठ्यानं कॉल द्यायचा. एकदा भद्रावतीकडची पोरं खेळायला आली होती. मारोतीनं चेंडू टोलवला, समोरचा गडी जागचा हललाच नाही. मारोती मधोमध येऊन ओरडला, "कॉल आयकू नाई आला काय बे?" नेमकं त्याच वेळी मागच्या झुडपातून चितळानं शीळ मारली. पाठोपाठ दुसऱ्यानं. आमची अकराच्या अकरा पोरं बॅटी जागीच टाकून पिकाच्या राखणीसाठी बांधलेल्या माचाणीवर चढली. पाहुण्या पोरांना काही कळेना. त्यांनी शांतपणे स्टंप उडवले, मारोतीला बाद केलं आणि जिंकल्याचा नाच करायला लागली. माचाणीवरून मारोती ओरडत होता, "अरे, तो कॉल नाई, हा कॉल!" वाघ काही आला नाही. दोन रानकुत्री आली, बांधी ओलांडून निघून गेली. त्या सामन्याचा निकाल काय, यावर आजही मारोती माझ्याशी भांडतो. त्याचे आता निम्मे दात गेलेत.

त्याच दिवशी मला एक गोष्ट दिसली, जी मी पुढं दोन वर्षं कोणाला बोलले नाही. बाबा बांधावर बसून सामना पाहत होते. चितळ ओरडलं तेव्हा सगळे पळाले, पण बाबा तसेच बसून होते. त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. पोरं पळताना दिसली तेव्हा ते उठले, आणि उठताना त्यांनी आधी जंगलाकडे न पाहता माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग मला एकेक आठवत गेलं. फोन वाजला की बाबा नेहमी मायला पुढं करत. "तूच बोल, मले त्या यंत्राचा राग येते," असं म्हणत. जंगलात जाताना अलीकडे ते मला मागच्या सीटवर बसवून नेत, "पोरीले शिकू दे" म्हणून. कॉल आला की मी त्यांच्या पाठीला बोट लावायची, डाव्या बाजूला आवाज असला तर डावीकडे, उजव्या बाजूला असला तर उजवीकडे. हे आमचं कधी ठरलं ते मलाही सांगता येणार नाही. कान नसलेल्या वाटाड्याला कोण जीपमध्ये बसवणार? म्हणून बाबा गप्प होते, आणि मीही.

मी बारावी झाले त्या उन्हाळ्यात गेटवर कागद लागला. वनखात्यात एक नवे साहेब आले होते. त्यांना गावातलीच शिकलेली माणसं पाहुण्यांबरोबर रीतसर गाईड म्हणून पाठवायची होती. अर्ज करा, म्हणजे परीक्षेचा कॉल येईल, असं कागदावर लिहिलं होतं. मी तो कागद उभ्या उभ्या तीनदा वाचला. संध्याकाळी मायला सांगितलं. टपरीत बसलेल्या एकानं हसत विचारलं, "पोट्टी काय वाघ दाखवन?" मायने त्याच्यासमोरचा आलुबोंडा उचलून परातीत परत टाकला. "दाखवन. अन् तुले सोडून बाकी सगळ्याईले दाखवन." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "लिही तू अर्ज." मी चिमणीच्या उजेडात बसून सुवाच्य अक्षरात अर्ज लिहिला.

अर्ज मारोतीनंही केला होता. महिनाभरानं एका दुपारी तो रस्त्यावरून कागद हलवत, नाचत आला. "कॉल आला! कॉल आला!" टपरीत त्या वेळी एका जीपची पाहुणे मंडळी चहा घेत होती. त्यांनी कप टाकून कॅमेरे उचलले आणि जंगलाकडे तोंडं केली. मायने धावत जाऊन फोन उचलला आणि त्या मुक्या रिसीव्हरमध्ये "हालो, हालो, कोन आहे?" करत राहिली. एक पाहुणी बाई बाकावर चढली. मारोती मधोमध उभा, हातात साहेबांच्या सहीचं त्याचं कॉल लेटर, आणि त्याच्याकडे कोणीच पाहत नव्हतं! सगळं उमगल्यावर टपरीत जो हशा पिकला, त्यात मीही हसले. पण गावातल्या चौघांना पत्रं आली होती, मला आलं नव्हतं. आठवडा गेला. परीक्षा दोन दिवसांवर आली. मी मोहाच्या टोया, म्हणजे बिया, फोडत बसायची आणि पोस्टमनची सायकल दिसली की मान खाली घालायची.

परीक्षेच्या आदल्या दिवशी फोन खणाणला. मायने उचलला, ऐकलं, आणि डोळे मोठे करून माझ्याकडे पाहिलं. "शेवंते. कॉल." मी सवयीनं विचारलं, "कोनाचा?" माय म्हणाली, "तुहा." इतकी वर्षं सगळ्या गावाचे कॉल मी पोचवले होते, माझा स्वतःचा तो पहिलाच. पलीकडे साहेबांच्या ऑफिसातले बाबू होते, आणि ते वैतागले होते. "बाई, पत्त्याच्या रकान्यात तुम्ही फोनचा नंबर लिहिलाय. पत्र पाठवायचं कुठं?" खरंच, मी तसंच लिहिलं होतं. आमच्या घराला दुसरा कुठला पत्ता आहे, हे मला सुचलंच नव्हतं. बाबू पुढं म्हणाले, "उद्या सकाळी सात वाजता गेटवर या. झाडं विचारतील, प्राणी विचारतील, आणि कॉल..." इथं खरखर सुरू झाली. "कॉल नीट करून या," एवढंच मला ऐकू आलं आणि आवाज तुटला.

मी समजले, फोनवर इंग्रजीत बोलायचं विचारणार. उरलेली सगळी दुपार मी आणि माय त्या तयारीत होतो. माय आलुबोंड्याचा झारा कानाला लावून पाहुणा व्हायची, मी पाण्याचा तांब्या कानाला लावून म्हणायची, "हॅलो, गुड मॉर्निंग, धिस इज मोहर्ली." माय म्हणायची, "अजून गोड बोल. वाघ कुठी आहे, हे लगेच नोको सांगू." बाबा दारात बसून हसत होते. आम्ही काय बोलतोय ते त्यांना ऐकू येत नसणार, पण तांब्या आणि झारा त्यांना पुरेसे होते.

सकाळी गेटवर एका उघड्या जिप्सीत आम्हा पाच जणांना मागं बसवलं. पुढं ड्रायव्हर, आणि त्याच्या शेजारी दाटीवाटीनं साहेब आणि बाबा. साहेब म्हणाले, "कवडूभाऊ इथले सगळ्यात जुने. तुम्ही जे सांगाल ते बरोबर की चूक, हे तेच ठरवतील." मी सरकून बाबांच्या पाठीमागं बसले. झाडं विचारली, ऐन, धावडा, बिजा. ती सगळ्यांना आली. वाटेतली पावलं विचारली. मग एका नाल्याच्या वळणावर गाडी बंद केली आणि साहेब मागं वळून मला म्हणाले, "कॉल म्हणजे काय, सांगा." मी ताठ बसले आणि एका दमात म्हटलं, "हॅलो, गुड मॉर्निंग, धिस इज मोहर्ली!"

चौघंही पोट धरून हसायला लागले. साहेबांनी हसू दाबत विचारलं, "आणखी?" मला राग आला. रागात माणूस खरं बोलतो. मी म्हटलं, "साहेब, आमच्या गावात लई कॉल आहेत. मास्तर देते तो हजेरीचा. मारोती देते तो रन आऊट व्हायचा. बल्लारपूरहून येते तो कोनाले लेकरू झाल्याचा, नाईतर कोनी गेल्याचा. मारोतीच्या घरी पोस्टानं आला, माह्या घरी तारेतून आला. अन् एक—" मी तिथंच थांबले. हसण्याच्या मागून, फार लांबून, काहीतरी आलं होतं. एकदाच.

साहेबांच्याही कानावर काहीतरी आलं असावं, कारण त्यांनी हात वर केला. मारोती म्हणाला, "वांदर, साहेब. तळ्याच्या अंगानं." मी म्हटलं, "सांबर. नाल्याच्या वरच्या अंगाले. एकच डाव वरडलं." मारोती पुन्हा म्हणाला, वांदरच. साहेब बाबांकडे वळले. "कवडूभाऊ, कोण बरोबर?"

मी पाठीमागून बाबांच्या मानेकडे पाहत होते. बोट लावायचं तर हात पोचत होता. पण मी परीक्षार्थी होते आणि ते परीक्षक, आणि सगळे पाहत होते. बाबांनी नुसतं "पोरगी बरोबर आहे" म्हटलं असतं तरी चाललं असतं, कोणाला संशय आला नसता. त्यांनी दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवले आणि म्हणाले, "साहेब, मले आयकू नाई आलं. खरं सांगतो. दोन वर्सं झाले, माहे कान गेले. इतके दिवस ही पोरगी आयकत होती अन् मी वाघ दाखवत होतो. आता कोन बरोबर, हे मी कसा सांगू? तुमीच गाडी वर घ्या अन् पाहा."

मारोतीनं मान खाली घातली. साहेबांनी ड्रायव्हरला नुसती मान हलवून खूण केली. आम्ही नाल्याच्या वरच्या अंगाला गेलो आणि इंजिन बंद करून थांबलो. दहा मिनिटं गेली असतील, मला ती संपता संपेनात. मग अगदी जवळून, "ढांक!" साऱ्यांनी माना वळवल्या. बाबांनीही वळवली, पण माझ्याकडे. माझ्या चेहऱ्यावर त्यांनी काय ते वाचलं. बांबूच्या आडून वाघीण रस्त्यावर आली, मागं दोन पिल्लं. एक पिल्लू चालता चालता आईच्या शेपटीला झोंबत होतं. तिनं वळून त्याला एक हलकी चापट दिली, आमच्याकडे बिनकामाचे लोक असल्यासारखं पाहिलं आणि पाण्याकडे उतरली. मारोती माझ्या कानाशी कुजबुजला, "मानलं बाप्पा तुले." गाईड म्हणून मी पुढं हजारो लोकांना जंगल दाखवलं, कॅमेऱ्यांच्या तोफा पाहिल्या, पण एवढी निवांत वाघीण मला पुन्हा दिसली नाही. की माझंच मन त्या दिवशी निवांत झालं होतं, कोण जाणे.

परत गेटवर आल्यावर बाबा खाली उतरले आणि डोक्याचा दुपट्टा काढून हातात घेऊन उभे राहिले, निरोप घेतल्यासारखे. साहेबांनी विचारलं, "कवडूभाऊ, डोळे कसे आहेत?" बाबांना ते ऐकू गेलं नाही. मी त्यांच्या समोर जाऊन डोळ्यांकडे बोट केलं. "डोळ्याले काय झालं?" बाबा म्हणाले. "मुंगीचा माग काढून देतो." साहेब म्हणाले, "मग या पाच जणांना पावलं शिकवायची तुम्ही. उद्यापासून." हे मी बाबांना दोनदा, ओठ नीट हलवून सांगितलं. त्यांनी दुपट्टा पुन्हा डोक्याला बांधला, आणि बांधायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला.

घरी मायला सगळं सांगताना मी कानांच्या गोष्टीपाशी अडखळले. माय कणीक मळता मळता म्हणाली, "तुमी दोघं मलेच येडी समजता काय? माह्याशी भांडन कराचं बंद झालं ह्याईचं, तवाच समजली मी." मग तिनं गूळ काढला, मोहाची फुलं आणि तीळ भाजले, आणि उखळात कुटून लाडू वळायला बसली. गावातले लोक येऊन जाऊन खात होते. मारोती सात लाडू खाऊन गेला. गाईड म्हणून त्याचंही नाव लागलं होतं.

दिवस मावळायच्या सुमारास अंगण रिकामं झालं. बाबा खाटेवर बसले होते. त्यांनी मला हातानं जवळ बोलावलं आणि हळूच, मायला ऐकू जाऊ नये अशा बेतानं, म्हणाले, "कसं वरडलं होतं ते? मले काढून दाखव." मी आवाज काढला. त्यांनी मान हलवली, नाई. मी खाटेवर चढून त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेलं आणि पुन्हा काढला. त्यांनी हाताचा द्रोण करून कानामागं धरला. मग मी छाती भरून श्वास घेतला आणि जिवाच्या आकांतानं ओरडले, "ढांक!" शेजारच्या गोठ्यातल्या शेळ्या दावं तोडून पळाल्या, दोन घरांतली माणसं काठ्या घेऊन बाहेर आली, आणि मायच्या हातातला लाडू फुटला.

बाबा डोळे मिटून बसले होते. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उजळत गेलं.

"हाव," ते म्हणाले. "सांबरच आहे. तुह्या साहेबाले सांगजो, पोरगी बरोबर आहे."